आण्णांचं बोलणं गेलं, पण शिव्या आणि आरती तशीच राहिली. हे कसं काय?

पेठेतला_पोरगा

मंडळी, इथं कुणी डॉक्टर, स्पीच थेरपीवाले असतील तर लई बरं, नसतील तरी ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी लिहा. माझ्या थोरल्या चुलत्यांना, आम्ही आण्णा म्हणतो, दिवाळीच्या आधी स्ट्रोक आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळं उजवी बाजू गेली. पाय बऱ्यापैकी आलाय, काठी घेऊन तालमीच्या कट्ट्यापर्यंत जाऊन येत्यात, पण बोलणं गेलं ते गेलंच. तोंडात आता एकच राहिलंय, "बघ की". चहा पायजे, बघ की. फॅन बंद कर, बघ की. नातू शाळेतनं आला की बघ कीऽऽ. आणि सूर मात्र दरवेळी बरोब्बर, रागाचा रागाचा, लाडाचा लाडाचा.

आता गंमत ऐका. परवा काठी निसटून पायावर पडली तर आण्णांनी अशी अस्सल सणसणीत शिवी हासडली, चार शब्दांची, एक अक्षर इकडचं तिकडं न्हाई, की शेजारच्या काकू दारात आल्या. संध्याकाळी देवघरात आरती सुरू झाली की डाव्या हातानं मांडीवर ठेका धरत्यात आणि पहिल्या ओळीपासनं शेवटपर्यंत म्हणत्यात. आणि त्याच आरतीतला एक शब्द नंतर सुटा म्हणून दाखवा म्हटलं की ओठ हालतात, कपाळावर घाम येतो, आणि बाहेर येतं "बघ की".

यावरनं घरात वाद चाललाय. काकी म्हणत्यात मुद्दाम करालेत, शिवी येती, आरती येती, मग माझं नाव घ्यायला काय होतंय. मला ते पटत न्हाई, आणि डोकं गेलंय असंही वाटत न्हाई. कारण महिनाअखेरीला दुधाची वही मी त्यांच्यासमोर धरली, पूर्वीपासनं तेच बघायचे म्हणून. तर आण्णांनी वरनं खाली बोट फिरवलं आणि एका तारखेवर थांबले. त्या दिवशी आम्ही सगळे वाडीला गेलो होतो, दूध घेतलंच न्हवतं, आणि दूधवाल्यानं एक लिटर लावलं होतं. माझ्याकडं बघून हसले, "बघ की".

ज्याला "दूध" म्हणता येत न्हाई त्याला दुधाचा हिशोब चुकलेला कळतो. मग नेमकं बिघडलंय काय? विचार शब्दांतच चालतो म्हणतात ते खरं का? आण्णा आतनं पूर्वीचेच हायेत का?

स्पीचवाली

दादा, पहिलं काम म्हणजे काकींना सांगा की ते मुद्दाम करत नाहीयेत. मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि हे वाक्य मला जवळपास प्रत्येक घरात ऐकायला मिळतं, शिवी येते मग बोलत का नाहीत. उलट शिवी येते आणि नाव येत नाही हाच या आजाराचा ठसठशीत नमुना आहे. याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात.

हा नमुना नवा पण नाही. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र इस्पितळात पॉल ब्रोका नावाच्या सर्जनकडे लेबोर्न नावाचा पेशंट आला. वीसेक वर्षं तो तिथंच राहत होता आणि काहीही विचारलं तरी "तां, तां" एवढंच म्हणायचा, म्हणून सगळे त्याला तांच म्हणायचे. समोरच्याचं बोलणं त्याला बरंचसं कळायचं, हातवारे करून सांगायचा, आणि आपलं म्हणणं लोकांना कळेना झालं की भडकून फ्रेंचमध्ये एक कडक शिवी घालायचा. तुमचे आण्णाच म्हणा ना. काही दिवसांत तो वारला, ब्रोकानं मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा. त्या जागेला आजही ब्रोकाचा भाग म्हणतात. पुढं २००७ साली तो जपून ठेवलेला मेंदू एमआरआयमध्ये घातला तेव्हा इजा ब्रोकाला वरवर दिसली त्यापेक्षा बरीच खोलवर गेलेली निघाली, म्हणजे नुसत्या एका ठिपक्याचा दोष नव्हता.

आता शिवी का येते. आपण "फॅन बंद कर" म्हणतो तेव्हा ते वाक्य दरवेळी नव्यानं जुळवतो, शब्द शोधायचा, प्रत्यय लावायचा, मग तोंडाच्या हालचाली क्रमानं लावायच्या. हे काम बहुतेक माणसांत डाव्या मेंदूकडं असतं. पण शिवी, आरती, एक ते दहा आकडे, सोमवार मंगळवार, "अगं बाई" हे सगळं तयार सलग बाहेर पडतं, त्यात जुळवणी नाही. त्याला उजव्या बाजूचा आणि मेंदूच्या आतल्या खोल भागांचा आधार मिळतो. म्हणून सबंध आरती येते, पण त्यातला सुटा शब्द मागितला की परत जुळवणीचं काम आलं आणि तिथंच गाडं अडतं.

याच्यावरनंच बोस्टनमध्ये १९७३ च्या सुमाराला सुरात बोलायला शिकवायची एक थेरपी निघाली, "पाणी पाहिजे" असं दोन सुरांत, डाव्या हातानं टिचक्या देत म्हणायचं आणि हळूहळू सूर काढून टाकायचा. काहींना बराच फायदा होतो, पण शिकवलेली वाक्यं जेवढी सुधारतात तेवढं रोजचं बोलणं सुधारतंच असं नाही. आरती येते म्हणजे बोलणं येणारच, असं घरच्यांना सांगून आशा लावू नका.

घरात करायचं ते साधं आहे. हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा. विचारल्यावर थांबा, आपल्याला वाटतं त्याच्या दुप्पट थांबा. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. मोठ्यानं ओरडून बोलू नका, कानाला काही झालेलं नाही. टीव्ही बंद ठेवा. आणि दुधाची वही त्यांच्याकडेच राहू द्या, काढून घेऊ नका.

जुना_फौंड्रीवाला

मॅडम म्हणत्यात ते शब्दांचं ठीक हाय, पण माणूसच बदलतो त्याचं काय? तो पहारीचा किस्सा हाय न्हवं, अमेरिकेतला. फिनियस गेज. रेल्वेच्या लायनीवर मुकादम हुता, १८४८ साल, वय २५. सुरुंगाची दारू ठासताना ठिणगी पडली आणि पहार गालातनं घुसली ती कवटीच्या वरनं बाहिर. मी आयुष्यभर शिरोलीत लोखंडात काम केलंय, माप ऐकून अंगावर काटा आला, साडेतीन फुटाच्या वर लांब, सव्वा इंच जाड, वजन सहा किलो. आणि गडी मेला न्हाई! बोलत बोलत गाडीतनं मुक्कामाच्या हॉटेलावर गेला, डॉक्टर तिथं आला. पण नंतर शिवराळ झाला, कुणाचं ऐकंना, कामावर ठेवंनात, दोस्त म्हणाले ह्यो आमचा गेज न्हवंच. म्हणजे स्वभाव बी कपाळामागं ठेवलेला असतोय. आण्णांचं वाईट वाटून घेऊ नका पण स्वभावावर लक्ष ठेवा.

कट_जादा_पाव_कमी

फौंड्रीवाले काका, पहारीचं माप बरोबर, पण पुढची गोष्ट लोकांनी लई फुगवलीय. हार्लो नावाच्या डॉक्टरनं त्याच्यावर उपचार केले, स्वभाव बदलल्याचं त्यानं सविस्तर लिहिलं ते १८६८ ला, गेज मेल्यावर आठ वर्षांनी. मधल्या काळात गेज चिलीत गेला आणि तिथं काही वर्षं घोड्यांची प्रवासी गाडी हाकली. विचार करा, परका देश, परकी भाषा, पॅसेंजर, घोडे, घाटरस्ते, वेळ पाळायची. कामातनं गेलेल्या माणसाला हे जमंल का? सुरुवातीला बिघडला असंल, पण नंतर बराच सावरला असं आता बऱ्याच अभ्यासकांचं मत हाय. ही बाजू कुणी सांगत न्हाई कारण मग किस्सा रंगत न्हाई.

आणि "स्वभाव कपाळामागं ठेवलेला असतो" याला माझा विरोध. बाईकचा प्लग काढला की गाडी बंद पडती, म्हणून वेग प्लगमध्ये ठेवलेला असतो का? इजेवरनं एवढंच कळतं की त्या कामाला तो भाग लागतो. काम तिथंच होतं हे त्यावरनं सिद्ध होत न्हाई.

मग इजेवरनं शिकायचं काय, तर माझ्या मते खरी किंमत जोडीला हाय. एक पेशंट ज्याचं अ गेलं ब राहिलं, आणि दुसरा ज्याचं ब गेलं अ राहिलं. असे दोन सापडले की मग म्हणता येतं की अ आणि ब ही वेगळी कामं हायेत. ब्रोकानंतर १८७४ ला वेर्निकं नावाच्या जर्मन डॉक्टरनं उलटे पेशंट दाखवले, भडाभडा बोलायचे, चाल बरोबर, पण अर्थाचा पत्ता न्हाई आणि दुसऱ्याचं कळायचं न्हाई. आपल्याला "बोलणं" ही एकच गोष्ट वाटती, कारण धडधाकट माणसात ती कामं एकमेकांत इतकी मुरलेली असतात की जोड दिसतच न्हाई. तुटल्यावर दिसतो.

आता पेठेतल्या भावा, तुझा मूळ प्रश्न, विचार शब्दांत चालतो का. २००५ चा एक इंग्लंडमधला अभ्यास हाय, रोझमेरी वार्ली आणि सहकारी. तीन पेशंट, भाषा जवळपास गेलेली. "सिंहानं माणसाला मारलं" आणि "माणसानं सिंहाला मारलं" यातला फरक कळंना अशी अवस्था. पण त्यांना ५९ मधनं १३ आणि १३ मधनं ५९ यातला फरक कळत होता, कंसातली गणितं सोडवत होते. व्याकरण गेलं, हिशोब राहिला. तुझ्या दुधाच्या वहीचं उत्तर हेच हाय. सगळा विचार शब्दांवर चालत असता तर आण्णांना ती तारीख सापडलीच नसती.

पांडुरंगहरी

एवढं सायन्स लावण्यापेक्षा सरळ हाय. आत्मा आत शाबूत हाय, यंत्र बिघडलंय. म्हणून देवाचं नाव येतं.

कट_जादा_पाव_कमी

शिवी पण येती माउली.

जुना_फौंड्रीवाला

😂😂 ते बी खरं. बरं मला एक सांगा, आमच्याकडं एक मोल्डर हुता, डोक्याला मार लागल्यापास्नं सकाळी जेवला का न्हाई ते सांगता यायचं न्हाई, पण साचा करायला बसला की हात जसाच्या तसा. हाताला वेगळी आठवण असती का काय?

कट_जादा_पाव_कमी

असती काका, म्हणजे हातात नसती, पण आठवणीचे प्रकार वेगळे असतात. हे ज्याच्यावरनं कळलं तो हेन्री मोलेसन. लई जोराच्या फिट्स यायच्या म्हणून १९५३ ला ऑपरेशन करून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा कानशिलामागचा आतला भाग काढला, त्यात हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नवीन आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, बराच हिस्सा गेला. फिट्स कमी झाल्या पण नवीन आठवण साठायची बंद. डॉक्टर खोलीतनं बाहेर जाऊन परत आले की नव्यानं ओळख करून द्यायची. ब्रेंडा मिल्नर नावाच्या बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीच्या कडेनं रेघ मारायला दिली, करून बघा, हात उलटाच जातो. तो दिवसागणिक सुधारत गेला, तिसऱ्या दिवशी झकास जमायला लागलं, आणि दर दिवशी म्हणायचा मी हे आधी कधीच केलेलं न्हाई. २००८ ला वारला तोपर्यंत शास्त्रज्ञ त्याला तपासत होते. तुमच्या मोल्डरचं तसंच काहीतरी असणार, हातातलं कसब साठतं ती जागा वेगळी.

गडहिंग्लजकर

आमच्या शाळेतल्या एका सरांचं याच्याही पुढं होतं. स्ट्रोकनंतर लिहायला यायचं, अक्षर पूर्वीसारखंच मोत्याचं, पण स्वतः लिहिलेली चिठ्ठी पाच मिनिटांनी त्यांच्यासमोर धरली तर वाचता यायची न्हाई. लोक हसायचे. पुढं मी वाचलं की देजेरीन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९२ ला हुबेहूब असाच माणूस लिहून ठेवलाय, अक्षरं वाचता येत न्हवती पण आकडे यायचे.

माहेर_बिनखांबीजवळ

माझ्या बाबांचं उलट्या बाजूचं आहे, उजव्या मेंदूत स्ट्रोक, म्हणून डावी बाजू गेली. बोलणं एकदम चांगलं, गप्पा मारतात, लोकांना वाटतं सुटले बिचारे. मी सांगते किती सुटले ते. जेवायला बसले की ताटातला उजवा अर्धा भाग खाऊन हात धुवायला उठतात आणि आईला म्हणतात आज आमटी केली नाहीस होय. आमटी डावीकडं तशीच. नजर चांगली आहे, डोळे तपासले. ताट अर्धं फिरवलं की "आता केलीस होय" म्हणून आनंदानं खातात. दाढी पण उजव्याच गालाची करतात. डावी बाजू दिसत नाही असं नाही, त्यांच्या लेखी ती बाजूच नाही. आणि जे नाही ते शोधायला मान कोण वळवणार?

पहिल्या आठवड्यात तर हात हलत नाही हेच मान्य नव्हतं. डॉक्टर म्हणाले डावा हात वर करा, बाबा म्हणाले केला की. मी म्हटलं बाबा तो गादीवर पडलाय, तर म्हणाले तो तुझ्या काकाचा आहे. हसू का रडू कळेना, आणि बाबा वेडे झालेत असं अजिबात वाटत नव्हतं कारण लगेच पुढच्या वाक्याला लाईट बिलाची शेवटची तारीख सांगितली.

डॉक्टरांनी मला इटलीतला एक प्रयोग सांगितला तो इथल्या मंडळींना कळेल असा सांगते. डोळे मिटा आणि मनातल्या मनात आपल्या कोल्हापुरात बिनखांबी गणपतीपासून पापाच्या तिकटीकडं चालत जा. अंबाबाईच्या देवळाचं महाद्वार उजव्या हाताला येईल. आता तिकटीपासून उलटे या, महाद्वार डाव्या हाताला. बाबांना पहिल्या बाजूनं विचारलं तर महाद्वार सांगतील आणि परतीच्या वाटेवर नेमकं विसरतील, असं त्या प्रयोगावरनं दिसतं. मिलानमध्ये १९७८ ला बिसियाक आणि लुत्सात्ती यांनी कॅथेड्रलसमोरच्या चौकाचं असंच विचारलं होतं, पेशंट चौकात नव्हते, आठवून सांगत होते. चर्चकडं तोंड करून उभे आहात समजा, तर डावीकडच्या इमारती गायब. आता चर्चच्या पायरीवरनं उलटीकडं बघताय समजा, तर मघाशी गायब असलेल्या सगळ्या आल्या आणि आधी सांगितलेल्या गेल्या! म्हणजे आठवण पुसली गेली नव्हती, ती बघणाऱ्या मनाची डावी बाजू गेली होती. मी रात्री बाबांना खरंच विचारायला बसले होते, पण ते म्हणाले महाद्वार रोडवर गर्दी किती असते, मी कशाला जाऊ.

कट_जादा_पाव_कमी

ताई, "तुझ्या काकाचा हात" वरनं आठवलं. फिट्ससाठीच काही पेशंटच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा तंतूंचा जाड पट्टा कापायचे, त्यावर काम केलं म्हणून रॉजर स्पेरीला १९८१ ला नोबेल मिळालं. त्याच्या हाताखालच्या गझानिगाचा एक प्रयोग हाय. पेशंटच्या डाव्या, म्हणजे बोलणाऱ्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला आणि उजव्याला बर्फ साचलेलं घर. समोरच्या चित्रांतनं उजव्या हातानं कोंबडी निवडली आणि डाव्या हातानं फावडं, बर्फ काढायला. फावडं का, असं विचारलं. बोलणाऱ्या मेंदूनं बर्फ बघितलंच न्हवतं. पण "माहीत न्हाई" म्हणायच्या ऐवजी गडी बिनधास्त म्हणाला, कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंय की.

तो खोटं बोलत न्हवता. बोलणारा भाग हातात असलेल्या माहितीवर कारण जुळवतो आणि स्वतःच खरं मानतो. मला यातनं सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटती की आपण धडधाकट माणसं दिवसभरात "मी असं का केलं" याची जी कारणं देतो त्यातली किती खुराड्याची असतात ते आतनं कळायला काही मार्गच न्हाई.

पेठेतला_पोरगा

सगळ्यांचे लई आभार. स्पीचवाली ताईंचा मेसेज काकींना मोठ्यानं वाचून दाखवला, काही बोलल्या न्हाईत पण रात्री आण्णांना विचारून मग थांबल्या, नेहमीसारखं स्वतःच उत्तर देऊन टाकलं न्हाई.

आणखी एक विचारायचं राहिलं. आण्णांचं आजोळ निपाणीकडचं, लहानपणी घरात कन्नडच बोलायचे, मराठी शाळेत गेल्यावर आली. इथं आल्यावर कन्नड सुटलीच जवळपास. पण काल त्यांच्या मामेभावाचा फोन आला, तो पलीकडनं कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला आणि आण्णा पटकन "हौद" म्हणाले, म्हणजे कन्नडमधलं "हो". स्पष्ट! "बघ की" न्हाई. मग आता कन्नडमध्येच बोलायला सुरुवात करावी का? पहिली भाषा आधी परत येती असं काही असतं का?

स्पीचवाली

असं काही लोकांत होतं, पण नियम नाही. रिबो नावाचा फ्रेंच मानसशास्त्रज्ञ म्हणायचा आधी शिकलेली भाषा टिकते, आणि पित्र नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९५ मध्ये लिहिलं की आजारापूर्वी जी रोजच्या वापरात होती ती आधी परत येते. दोघांच्याही बाजूचे पेशंट सापडतात, आणि सगळ्यात जास्त सापडतात ते दोन्ही भाषा सारख्याच प्रमाणात परत येणारे. एका "हौद" वरनं ठरवू नका, "हो" हा पण बऱ्याचदा शिवीसारखाच आपोआप निघणारा शब्द असतो. पण सोडूनही देऊ नका. तुमच्या थेरपिस्टला घरात लहानपणी कन्नड होती हे सांगितलंय का? बहुतेक नसेल, आम्ही विचारायला हवं आणि घरच्यांना ते महत्त्वाचं वाटत नाही.

मामेभावांना रविवारी बोलवा. त्यांना सांगा परीक्षा घ्यायची नाही, समोर बसून नेहमीसारख्या गप्पा मारायच्या. घरातल्या वस्तू, तांब्या, चष्मा, किल्ली, एक एक दाखवून कन्नडमध्ये नाव विचारायचं, दुसऱ्या दिवशी त्याच वस्तू तुम्ही मराठीत विचारायच्या. काय आलं, काय अर्धवट आलं, कुठं "बघ की" आलं ते वहीत लिहून थेरपिस्टला दाखवा. दमले की थांबायचं, सकाळी ताजे असताना करा.

जुना_फौंड्रीवाला

आणि बीपीची गोळी चुकवू नका. पावणं येणार म्हणून रविवारी तांबडा पांढरा हुणारच, आण्णांच्या वाटीत मीठ बेतानं घाला.

पेठेतला_पोरगा

काका, ते सांगितलं तर काठी पडल्यावर आली तीच शिवी परत येणार 😄 रविवारी वहीत काय काय आलं ते इथं टाकतो.